दुसरी प्रत

३ फेब्रुवारी, भूम
सर्व्हरसाठी सगळ्यांत भरवशाची फाइल सिस्टीम कुठली? योगीराज सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं आणि मी सरळ म्हटलं, येत नाही. सर हसले. म्हणाले, येत न्हाय म्हणणारी माणसं मला लई आवडतात, ठेवा बॅग. सर निवृत्त शिक्षक. आराधी बायकांची देवीची गाणी जमवतात. ती पिढ्यान्‌पिढ्या टिकतील असा सर्व्हर मी उभा करायचा. ऑफिस आणि माझी खोली खव्याच्या भट्टीवर. कपड्यांना आत्ताच दुधाचा गोड करपट वास लागलाय. मुरुमहून येताना डिग्री मांडीवर धरून आणली. घरातली पहिलीच, आईनं ती डिकीत ठेवू दिली नाही.

७ फेब्रुवारी
फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली लिहायची-जपायची पद्धत, निवडली : झेडएफएस. जुनी ईएक्सटी-फोरही चालली असती, पण तिच्यात गाणं आतून सडलं तरी ती बोलत नाही; वाजवायला गेलं की कळतं. झेडएफएस प्रत्येक तुकड्याची खूण ठेवते. दोन डिस्कवर तेच दोनदा लिहिते. दर आठवड्याला तपासणी. एक प्रत बिघडली की चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करते, कुणाला न विचारता. सरांना म्हटलं, यात काही मरत नाही.

११ फेब्रुवारी
जवळच्या ईट गावात आराधीण गजराबाईंचं रेकॉर्डिंग. गळ्यात कवड्यांची माळ, आवाज सुंभासारखा पिळदार. मी भाकरी नको म्हटल्यावर रागावल्या : वाऱ्यावर जगतीस व्हय गं? त्यांना एकच घोर. आराधीण गेली की तिची परडी, म्हणजे देवीची वेताची टोपली, गाण्यांसकट कुणीतरी घ्यावी लागते. सून नको म्हणते. मी समजावलं, गाणी आता दोन ठिकाणी राहतील. त्यांनी विचारलं, मशीनचं ऱ्हाऊ दे, सांभाळणार कोण? मी म्हटलं, मी. त्यांनी माळेतली एक कवडी तोडून माझ्या हातात दिली आणि निवांत डोळे मिटून बसल्या, जणू काम संपलं. कवडी सर्व्हरवर ठेवलीय.

१९ फेब्रुवारी
गजराबाई गेल्या. सर सांगताना रडले. परडी कुणी घेतली, मी विचारलं. सून म्हणते, सासूनं आधीच कुणाला तरी दिलीय. कुणाला, ते तिला ठाऊक न्हाय.

२४ फेब्रुवारी
तपासणीत गजराबाईंच्या फाइलमध्ये दुरुस्ती झाली. डिस्क नव्या आहेत, बिघडायला नको होतं. ऐकलं. एक कडवं जास्त आहे. त्या दिवशी त्यांनी ते म्हटलं नव्हतं, मी समोर बसले होते. पण पुढची ओळ यायच्या आधी मीच ती गुणगुणले.

२ मार्च
पुन्हा दुरुस्ती. डिस्कवर काहीच बदललेलं नाही. मग दुरुस्त काय झालं? भट्टीवरच्या बायका म्हणतात, ताई, गळा लई गोड हाय की तुमचा. मी गात नाही. आईला फोन केला. तिनं विचारलं, कोण बोलतंय? मी सांगितलं. ती म्हणाली, थट्टा करू नका बाई, आमच्या हर्षालीला फोन द्या.

५ मार्च
शाळेतली कविता आठवत नाही. कॉलेजचा रस्ता नाही. त्यांच्या जागी कडवी आहेत — जुळलेली, शाबूत. बिघडलेली प्रत पुसून चांगली लिहायची, हे मीच निवडलं. कुठली चांगली ते कोण ठरवतं, हे मी विचारलंच नव्हतं — कवडी गळ्यात आहे. मी बांधली नाही.

९ मार्च
करून झालं. दुसरी डिस्क उपसली, खालच्या भट्टीत टाकली. जळताना पाहिली. दुसरी प्रतच नसेल तर दुरुस्ती होणार नाही — पुन्हा तपासणी लावली. एक डिस्क नाही, असं यायला हवं. आलंय : दोन्ही प्रती जुळतात.
दोन्ही —
खालून कुणीतरी गजराबाई म्हणून हाक मारली आणि मी ओ दि