कार्यपद्धती : भिजवणे

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार, घेणार असशील तर. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीची दाढ? (मला दोन्ही कळतं, पण पत्रात विचारायची रीत आहे.) दोन वर्षं तू माझ्या शिलाईच्या दुकानाची पायरी चढला नाहीस, तरी ही बातमी परक्याकडून कळू नये म्हणून लिहिते. आमच्या दोन गल्ल्यांच्या महिला मंडळाला निधी मिळायची वेळ आली आहे. भांडण पेटायच्या आधी विझवणाऱ्या बायकांना एक संस्था मदत देते. आम्हांला एक खोली हवी आहे, दोन्ही गल्ल्यांच्या मधोमध, म्हणजे कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून बैठका घ्याव्या लागणार नाहीत आणि शेजारच्या वस्त्यांतल्या बायकांनाही शिकवता येईल.

अर्ज सतरा पानी. पहिलाच प्रश्न, ‘पूर्वसूचना यंत्रणा कोणती?’ मी लिहिलं, शिवणकाम. खोटं नाही. गाड्या लावण्यावरून वाजलं, त्या आठवड्यात खालच्या गल्लीतल्या सात जणांनी बाह्या आखूड करायला टाकल्या आणि वरच्या गल्लीतल्या पाच जणांनी (तुझ्यासकट) गुंड्या पक्क्या करून मागितल्या. एवढ्यावरून जिला कळणार नाही तिने सुई हातात धरू नये. पुढे, ‘कार्यपद्धती?’ भिजवणे. ‘साधने?’ बादल्या.

तपासणीला आलेल्या बाईंनी बोट त्याच ओळीवर ठेवलं. मग सगळं सांगावं लागलं. त्या रविवारी सकाळी दोन्ही गल्ल्यांतल्या बायकांनी एकाच वेळी नवऱ्यांच्या वापरातल्या पँटा भिजवल्या आणि ठेवणीतल्या माझ्याकडे उसवायला आणून टाकल्या. एक्केचाळीस पँटा, मला बसायला जागा उरली नाही. आता भांडायला निघालेल्या माणसाला रुबाब लागतो. टॉवेल गुंडाळून कुणाची गचांडी धरता येत नाही, कारण एक हात कायम टॉवेलला लागतो. तू आणि खालच्या गल्लीतला शेगड्या दुरुस्त करणारा ‘पैलवान’ (वजन हत्यारांच्या पिशवीसकट पन्नास किलो) आपापल्या दारांतून तासभर शिव्या देत होतात. पँटा वाळायच्या आधी राग वाळला. तेवढ्यात आम्ही शिवणाच्या खडूने गाड्यांच्या जागा आखून टाकल्या. आता तिथे रंगाचे पट्टे आहेत, पण रेघ माझीच.

तू मात्र महिन्याभरात घर बदललंस. बहिणीने चारचौघांत हसं केलं म्हणालास. त्याच्या आधीच्या मारामारीत आपल्या काकांचा डोळा गेला होता, दादा. त्या रविवारनंतर एक काचही फुटलेली नाही. मला याचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

बाई हसल्या नाहीत, सगळं उतरवून घेतलं. फक्त म्हणाल्या, “झालंच नाही त्या भांडणाचा पुरावा काय?” मी रिकाम्या रस्त्याचा फोटो दाखवला. तो पुरेना.

असो. गुडघ्याला जप.

तुझी धाकटी
(चिटणीस, महिला मंडळ)

ता. क. पुरावा म्हणून दोन्हीकडच्या एकेका म्होरक्याने सहीनिशी लिहून द्यायचं आहे : ‘मी मारामारीला निघालो होतो, पँट ओली असल्याने थांबलो.’ मुदत शुक्रवारपर्यंत. पैलवानाने सही केली, पण वरची जागा मोकळी सोडून. म्हणाला, दादा मोठे, पहिला मान त्यांचा.

ता. क. २. अर्जात अध्यक्ष म्हणून वहिनीचं नाव आहे, कारण भिजवायची युक्ती तिची. तुझा राग मी एकटीने झेलला. तिला तुझ्याबरोबर एका घरात राहायचं होतं. आता तीच म्हणाली, लिहून टाक.

ता. क. ३. हे पत्र वहिनीच तुझ्या हातात देईल. वाचून तडक माझ्याशी भांडायला निघावंसं वाटलं, तर आधी दोरीवर बघ. वाळल्या की ये. तुझी ठेवणीतली तपकिरी पँट मी त्या रविवारीच संध्याकाळी परत शिवून ठेवली आहे. दर महिन्याला इस्त्री करते.