बेडरूमच्या कपाटातली ठासणीची बंदूक

प्रबोध,

तुझा फोन लागत नाहीये, म्हणून लिहून ठेवतेय.

पाना शोधताना कपाटात तुझं ते 'शोभेचं लाकूडकाम' सापडलं. दस्ता सुरेख तासलायस, पण नळी खरी आहे. ती ठेवलेल्या खोक्यावर चित्र आहे, ठासणीची बंदूक घरी कशी जोडायची त्याचं. कुठल्या देशात राहतो आपण, विसरलास? इथे नुसती बंदूक बाळगली तरी तुरुंग आणि फटके.

चित्राताई वकील आहेत, म्हणून त्यांना मैत्रिणीचं म्हणून विचारलं. म्हणाल्या, "दारू भरलेली नसली तरी ती बंदूकच. पोलिसांनी शोधायच्या आत स्वतःहून सांगायला सांग तिला."

तरी मी तुझी वाटच बघणार होते. पण शाळेतून आलेली किमया खोकं बघून हसत म्हणाली, "पपाज गन लाह! ही लेट मी होल्ड."

मी पोलीस स्टेशनला चाललेय. किमया शेजारच्या आंटीकडे आहे. बेडरूमला कुलूप लावलंय. पोलीस माझ्याबरोबरच येतील. तू आधी पोचलास तर कुलूप तोडू नकोस, तुआसला कामावर परत पळू नकोस. नुसता बसून राहा.

पोरीने ती हातात धरली होती, हे मी कुणाला सांगणार नाही. तूही बोलू नकोस. आणि ही चिठ्ठी फाडून टाक.

प्रणिता