दोन गिरक्या

ओलोंगापो, १२ जानेवारी १९९६

चि. आम्पारोस देल्फिनमामाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. मार्चच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीतून मनिलाच्या पगारी संघात एकच जागा भरायची आहे. आमचा नेस्टरही उतरतोय, पण शिकवताना मी त्याचा बाप नाही आणि तुझा मामाही नाही. आधी नियम घोटून घे. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीला आधी वाट, डाव्या अंगाने घेणारीने बाजूला व्हायचं. मागून येणारीने पुढचीला टाळायचं. वळणाच्या तरंगत्या पिंपाला होडी घासली तर दंड म्हणून जागच्या जागी होडीची एक गिरकी, दुसऱ्याची वाट अडवली तर दोन.

पाण्यावर पंच नसतो, पोरी. ज्याची चूक त्यानेच, कुणी सांगायच्या आत, गिरक्या घ्यायच्या. ज्याला हे जमत नाही त्याने सरळ बांगडे पकडावेत. माझ्या ताईला, तुझ्या आईला नमस्कार.

तुझा,
मामा


पुएर्तो गालेरा, ४ फेब्रुवारी

ती. मामांस आम्पारोचा सा. न.

जेवणाच्या टेबलावर व्हिनेगरची बाटली म्हणजे पिंप आणि दोन सुके मासे म्हणजे होड्या. आई विचारते, मासे खायला आणलेत की फिरवायला? काल सराव करताना पिंपाला खरंच घासले. आसपास चिटपाखरू नव्हतं, तरी गिरकी घेतली. लांबून कोळी बघत होते, ते पोट धरून हसले. पोरीला चक्कर आली का, म्हणाले.

मामा, निवड झाली तर हॉटेलातल्या चादरी धुणं सुटेल हो. हात सोलून निघालेत. तुमची माया आहेच, ती आटू देऊ नका.

तुमची,
आम्पारो


ओलोंगापो, २० मार्च

चि. आम्पारोस अ. आ.

शर्यतीनंतर न जेवताच गेलीस, मामीला वाईट वाटलं. अगं, तुझ्या तक्रारीच्या सुनावणीत मला दिसलं तेवढंच सांगितलं. तुषार उडत होते, चष्मा ओला होता. नेस्टरनं तुला धडक दिली असेलही, पण दुसरा साक्षीदार नाही, मग तक्रार टिकणार कशी? दुसरी आलीस हे काय थोडं झालं? मनाला लावून घेऊ नकोस. सुके आंबे पाठवतोय.

मामा


पुएर्तो गालेरा, २५ मार्च

ती. मामांस सा. न.

आंबे मिळाले. आईनं शेजारी वाटून टाकले.

वारा माझ्या उजव्या अंगाला होता, वाट माझी होती. नेस्टर आडवा घुसला. धडकेच्या आधी वेळ मोजायच्या बोटीवर तुम्ही एकटेच होतात, उभे राहिलात आणि ओरडलात की नेस्टर, मागे घे, वाट आम्पारोची आहे. तुमचा आवाज मी सहा वर्षांची असल्यापासून ओळखते. नेस्टरनंही ऐकला. गिरक्या काही घेतल्या नाहीत.

हे सुनावणीत सांगायला तोंड उघडलं होतं. तुम्ही जमिनीकडे बघत होता. चारचौघांत आईच्या भावाला खोटं पाडणं माझ्याच्यानं झालं नाही. फार राग येतो मला, तुमचा आणि माझाही.

संघाची यादी एकतीसला मनिलाला जाणार आहे. अजून वेळ आहे, मामा. ज्याची चूक त्यानेच, कुणी सांगायच्या आत. इथे तर मी सांगतेय.

आम्पारो


ओलोंगापो, २ एप्रिल

चि. आम्पारोस अ. आ.

तुझं पत्र वेळेवर पोचलं. यादी परवा गेली. मामीनं नेस्टरला नवी बॅग घेतली. माझी कंबर पुन्हा धरली आहे. ताईची तब्येत कळव.

रविवारपासून तुमच्याकडच्या होड्यांच्या क्लबात लहान मुलांचा वर्ग सुरू होतोय. नियम शिकवायला कुणीतरी हवं होतं, मी तुझं नाव सुचवलंय. तुझ्याइतके ते कुणाला पाठ नाहीत.

मामा