‘पूर्ण बरे’ झालेल्यांच्या यादीतून माझे नाव काढणेबाबत

प्रति,
मा. सदस्य सचिव,
कंबरदुखीवरील कायरोप्रॅक्टिक उपचार मार्गदर्शक सूचना समिती,
अंधेरी (पूर्व), मुंबई.

विषय : मसुद्यातील ‘पूर्ण बरे झालेले रुग्ण’ या यादीतून माझे नाव वगळून, पाय बधिर होतो का हा प्रश्न तपासणीत घालणेबाबत.
संदर्भ : १) मसुदा, पान १४, उदाहरण क्र. ७. २) आपले सत्काराचे निमंत्रण.

महोदया,

मी, सगुणा अनंता भानजी, वय ५४, वेसावे कोळीवाड्यात राहते व अंधेरीच्या बाजारात मासळी विकते. पाट्या उचलून कंबर गेली. समितीने नेमलेल्या केंद्रात मी दहा खेपा मणके बसवून घेतले.

१. दर खेपेला तेथील क्षमा मॅडम तक्ता पुढे करीत. दुखणे किती, शून्य ते दहा. पहिल्या दिवशी मी नऊ सांगितले. सहाव्या खेपेनंतर कंबरेतून पायात उतरणारी कळ गेली, म्हणून शून्य सांगितले. ते खरेच होते. उजवा पाय जाणवत नाही, हेही सांगितले. त्याला तक्त्यात रकाना नव्हता. मणके बसवणे पुढेही चालूच राहिले.

२. पुढच्याच आठवड्यात बाजारात शिंगाळ्याचा काटा टाचेत बोटभर रुतला. या माशाचा काटा लागला की जुना खलाशीसुद्धा आईला हाक मारतो. मी एका गिऱ्हाईक बाईंशी भाव करीत होते. लादीवरचे रक्त त्या बाईंनी दाखवले, तेव्हा ते मासळीचे समजून मी पाणी ओतले.

३. पालिकेच्या रुग्णालयात शीर दबल्याचे निघाले (कागद जोडले आहेत). दोष उपचाराचा की माझ्या मणक्याचा, हे तेथील डॉक्टरांना सांगता आले नाही, म्हणून मीही सांगत नाही. मात्र पाय बधिर झाल्यावर मणक्याला हात न लावता आधी तपासणीला पाठवायला हवे होते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. जाण परत येईल याची खात्री नाही.

४. यापूर्वी मी दोन अर्ज केले. पहिल्यावर ‘नोंदीनुसार वेदना शून्य असल्याने तक्रार उद्भवत नाही’ असे उत्तर आले. दुसऱ्यावर सत्काराचे निमंत्रण आले. त्यात व्यासपीठावर कोणाचाही आधार न घेता चढावे, अशी सूचना आहे. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली आहे. याचा राग यायला हवा, पण येत नाही.

५. मसुदा महिनाअखेर कायम होऊन सर्व केंद्रांना जाणार आहे. तो गेल्यावर माझे शून्य सगळीकडे दाखवले जाईल. माझा हसरा फोटो केंद्राच्या दारावर आताच लागला आहे. तो पाहून माझी धाकटी जाऊ प्रेमा तिथे जाऊ लागली. मी थांब म्हटले, तर म्हणाली, “बाय, तुला गुण आला तं चालतं, मना आला तं नको?” तिची पुढची वेळ मंगळवारी सकाळी अकराची आहे. त्याआधी, पाय बधिर होतो का हे तिला विचारूनच मणक्याला हात लावावा, असे केंद्राला लेखी कळवावे.

६. प्रेमाचा आकडा आठावरून दोनवर आला. रविवारी तिने घरात पेढे वाटले. मला भीती वाटली, म्हणून मी खाली बसून तिच्या टाचेला जोरात चिमटा काढला. ती पेढा खात राहिली.

मंगळवारपूर्वी उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
सगुणा अनंता भानजी
वेसावे कोळीवाडा, अंधेरी (प.)
दि. १६ मार्च