दाराबाहेरचं बाकडं

माझा फोन न उचलणारीस,

हे पाठवणार नाही, पण तुलाच सांगावंसं वाटलं.

आईच्या सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी दिसल्या. रक्तातला ट्यूमर मार्करही वाढलेला आला. मी कॅन्सरच धरून बसलो आणि डॉक्टरीणबाईंवर तोंड सोडलं. आई माझी बाही ओढत म्हणाली, "मेल्या, इथे तरी गप्प बस!"

बाई चिडल्या नाहीत. "तू जरा बाहेर बस बघू," एवढंच म्हणाल्या.

दार लागल्यावर आईने त्यांना सांगितलेलं मला बाहेरच्या बाकड्यावर ऐकू आलं. रक्त दिलं तेव्हा तिची पाळी चालू होती. त्या दिवसांत तो आकडा वाढू शकतो. लॅबमध्ये तिला तसं विचारलं होतं, पण मी शेजारी उभा होतो, म्हणून लाजून ती 'नाही' म्हणाली होती. मग पाळी गेल्यावर पुन्हा रक्त तपासलं, आकडा उतरला. एमआरआयही केला. साध्या फायब्रॉइडच्या गाठी आहेत, कॅन्सर नाही. मी जिन्यात बसून हमसून हमसून रडलो.

पंधरा दिवस तिने त्या धास्तीत काढले, केवळ मी समोर होतो म्हणून.

आपल्या शेवटच्या भेटीत तूही काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतंस. मी ओरडतच राहिलो.

काय सांगायचं होतं गं?

तुझाच,
भडकू