बारा शायांच्या मशीनला नजर

३ जानेवारी, शुक्रवार

तेजूनं ही वही दिली. तेजू म्हणजे माझी नात, तेजस्विनी. तिच्या स्टुडिओत फोटो छापून कागदाच्या ज्या पट्ट्या उरतात, त्या शिवून केली. कागद कसला, जुनं मऊ धोतरच! म्हणाली, आजी, कापसाचा कागद आहे, शंभर वर्षं टिकतो. मी म्हटलं, मला कुठं एवढं थांबायचंय.

शाळा माझी चौथी नापास. नापास म्हणजे परीक्षेच्या दिवशी म्हैस व्याली म्हणून गेलेच नाही. गेले असते तर पास होते.

निश्चय: रोज लिहायचं. थोडकं. फक्त धंद्याचं.

म्हैस लय गुणाची होती. चार वेतं झाली तिची आमच्याकडं.

४ जानेवारी, शनिवार

धंदा असा. गंगापूर रोडला गाळा. पुढं काउंटर, मागं मशीन. मशीन पलंगाएवढं, त्याच्या पोटात बारा शाया. लोक फोटो नाहीतर हातानं काढलेली चित्रं घेऊन येतात, तेजू कॉम्प्युटरवर रंग जुळवते, मशीन मोठ्या कागदावर छापतं. बाकी सगळं मी बघते.

बाकी सगळं म्हणजे: दार उघडणे. गिऱ्हाइकाला पाणी देणे. गाव कुठलं, मुलं किती, ते विचारणे. आणि नजरेचं खातं. ते मला कुणी दिलं नाही, मीच घेतलं. एवढं देखणं काम रोज बाहेर पडतं, लोकांचे डोळे काय सारखे असतात?

आज शनिवार, भिका लिंबू-मिरचीवाला आला. दारावर माळ बांधून गेला. तेजू म्हणाली, आजी, लिंबाचं पाणी बोर्डावर गळतं. मी म्हटलं, गळू दे, नजर गळतेय.

मोठी बातमी! डॉक्टर वैष्णवी मॅडमचं नवीन बाळंतपणाचं हॉस्पिटल उघडतंय, २६ तारखेला. भिंतीवर लावायला एकवीस बाळांचे एकवीस फोटो, एकेक अर्ध्या दाराएवढा. काम आपल्याला मिळालं.

जयराम, माझा मुलगा, तेजूचा बाप. तो पेढा खाता खाता म्हणाला, हे काम नीट झालं तर ठीक, नाहीतर पुण्याची नोकरी आलेली आहे ती घ्यायची, आणि हे मशीन विकायचं. बाप असून असं. तेजू गप्प बसली. मी पण गप्प बसले. (नाही बसले. पेढ्याचा बॉक्स काढून घेतला.)

तेजू पुण्याला गेली तर मी दिवसभर कुणाला पाणी देऊ? जयरामच्या घरात सगळे आपापलं पाणी घेतात.

निश्चय: हे काम मी पार पाडणार.

६ जानेवारी, दुपारी

पहिलं बाळ छापलं. काय सांगू! गाल म्हणजे ताजा लोण्याचा गोळा, मुठी आवळलेल्या, तळपाय गुलाबी. तेजू स्वतःच म्हणाली, आई गं, काय आलंय! झालं. घरच्याच माणसाची नजर आधी लागते. ती जेवायला मागं गेल्याबरोबर मी डबी काढली.

काजळ माझं घरचं. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी पालथी घालायची, काजळी धरली की तुपात खलायची, वर चिमूटभर कापूर. जयरामला याच काजळानं वाढवला. (रंगाचा विचार केला तर लावलं नसतं तरी चाललं असतं.)

खालच्या उजव्या कोपऱ्यात, बाळाच्या पायाशी, राईएवढं गालबोट लावलं. तेजूचा नियम आहे, छापलेल्या कागदाला मोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही. पांढरे मोजे, लग्नातल्या बँडवाल्यांसारखे. मी नियम पाळते. फक्त करंगळीपुरता मोजा काढते, काजळ कापडातून लागत नाही म्हणून.

हे कुणाला सांगायचं नाही. नजरेचा उपाय बोलून दाखवला की उतरतो.

७ जानेवारी

तेजूनं भिंग लावून बघितलं. म्हणाली, आजी, हा काळा ठिपका कुठून आला? मशीन शाई थुंकतंय वाटतं. मी चष्मा पुसून आख्खा फोटो बघितला. माझं गालबोट सोडलं तर एकही काळा ठिपका नाही! पोरीचे डोळे गेले कॉम्प्युटरनं.

उद्यापासून तिला गाजर. नुसतं खात नाही, हलवा करावा लागेल. त्यासाठी खवा. खव्यासाठी जयराम.

१० जानेवारी

हलवा झाला, ठिपका गेला नाही. तेजूनं मशीनचं डोकं दोनदा धुतलं. मशीनला डोकं असतं हे मला आत्ता कळलं. साधी पानं छापली की कोरी-स्वच्छ येतात, म्हणाली, आणि नेमकी सगळ्यात सुंदर आलेली प्रिंट खराब होते, असं कसं गं आजी?

मी म्हटलं, तूच बघ. सुंदर तेवढंच खराब होतंय. ही नजर नाहीतर काय?

ती हसली नाही. म्हणजे पटलं असणार.

माझंच चुकलं. गालबोट फार बारीक लावत होते. आजपासून ज्वारीच्या दाण्याएवढं.

११ जानेवारी, शनिवार

भिकाकडून दोन माळा घेतल्या. दुसरी मशीनच्या मागं बांधली, तेजूला दिसणार नाही अशी. भिका म्हणाला, मावशी, मशीनला मी पहिल्यांदाच बांधतोय. मी म्हटलं, बाबा, बारा शाया आहेत, तू एक मिरची जास्त घाल.

तेजूला परत म्हटलं, एकदा माझा पण एक मोठा फोटो छाप, दर्शनी भागी लाव. येवल्याची पैठणी आहे माझी, पेटीत पडून कुजतेय. म्हणाली, बघू गं आजी, आधी हे संपू दे. दोन वर्षं झाली बघू बघू करतेय. कामाच्या माणसाचा फोटो दुकानात नको?

१४ जानेवारी, संक्रांत

तेजू दिवसभर मशीनपाशी. डोळे सुजलेत. जयराम आला, तिळगूळ दिला आणि गोड बोलायच्या ऐवजी विचारलं, पुण्याला काय कळवायचं? एवढ्यासाठीच त्याला तिळगूळ कमी दिला.

संध्याकाळी हळदीकुंकू केलं, स्टुडिओतच. बायका आल्या की दुकानाची जाहिरात होते. वाण काय द्यावं? टोपलीत खराब प्रिंट पडल्या होत्या, त्या कापून चौकोन केले. चांगला कापसाचा कागद, वाया का घालवा? समोरच्या सोसायटीतल्या कुसाबाईला एक कान आणि निम्मी टोपी आली. ती माझ्याच माहेरची, सिन्नरकडची. उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, शके, हे बाळ हाय का भज्याचं पीठ? शिकलेली नाही ती, तिला आर्ट कळत नाही.

कागदावर कोपऱ्यात माझं गालबोट होतं तेवढं मात्र तिला दिसलं. ह्यो डाग कसला गं? म्हणाली. मी म्हटलं, मशीनचा. खोटं बोलले. सणासुदीला खोटं बोलू नये, पण धंदा आहे.

१६ जानेवारी, सकाळी

तेजू दूध आणायला गेली तेवढ्यात मशीनची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, सात मिरच्या. सात वेळा ओवाळायचं तर मशीन लांबलचक, हात पुरेना, मूठ थोडी सुटली. गोळा केली सगळी. जवळजवळ सगळी.

आता बघा कसं सुतासारखं चालतं.

१६ जानेवारी, दुपारी

मशीन कर्रर्र करून बंद पडलं.

केवढी नजर असेल! एवढी दृष्ट काढली तरी आतून ओरडतंय.

१८ जानेवारी, शनिवार

आठ दिवस राहिले, नऊ प्रिंट वाया गेल्या, आणि तेजूनं मुंबईहून इंजिनियर बोलावलाय. शेखर नाव. सोमवारी येणार. फोनवर रडवेली होऊन सांगत होती, सर, नाही जमलं तर मला पार्टीला नाही सांगावं लागेल. मी ऐकलं. काउंटरच्या मागं बसून पदरानं डोळे पुसले आणि मग काजळाची नवीन वाटी धरली. कापूर दुप्पट.

माझ्या हातात जेवढं आहे तेवढं मी करणारच. पोर मला सोडून जाता कामा नये.

२० जानेवारी, सोमवार

सविस्तर लिहिते, कारण आज बरंच झालं.

शेखर इंजिनियर दहाला आला. पाणी दिलं. गाव विचारलं, मूळचा मनमाडचा निघाला, वडील रेल्वेत. म्हणजे आपलाच. त्यानं मशीन उघडलं, आत बॅटरी मारली, चिमट्यानं काहीतरी काढलं आणि तेजूच्या हातावर ठेवलं. दोन मोहऱ्या. म्हणाला, मॅडम, तुम्ही इथं फोडणी देता का? तेजूनं माझ्याकडं बघितलं. मी काउंटर पुसायला घेतलं. आधीच पुसलेलं होतं, पण परत पुसलं.

मोहऱ्या काढल्यावर मशीन चालू झालं. एक बाळ छापलं. भिंग लावून दोघांनी कोपरान् कोपरा बघितला. एक डाग नाही! शेखर मोठ्यानं म्हणाला, वा, काय कडक प्रिंट आलीय, एक नंबर! मनमाडच्या माणसाचा आवाज म्हणजे प्लॅटफॉर्मवरची घोषणाच. एवढ्या मोठ्यानं कौतुक!

दोघं मागं चहाला गेले. मी करंगळीचा मोजा काढला. आवाजाच्या मानानं हरभऱ्याएवढं लावलं.

चहा पिऊन शेखर आला आणि थिजलाच. म्हणाला, हा आत्ता नव्हता. मशीन तर बंद आहे! टेबलावर पडल्या पडल्या ठिपका आला! तेजू भिंतीला टेकली. शेखर खाली वाकला, बोट फिरवलं. म्हणाला, ही शाई नाही, तेल आहे, बघा कडेनं पसरतंय. मग नाक लावलं. परत लावलं. म्हणाला, मॅडम, चौदा वर्षं मशीनं बघतोय, पण कापराचा वास मारणारं मशीन नाही बघितलं.

मी म्हटलं, वास येणारच, भीमसेनी आहे. भेसळीचा कापूर मी घरात ठेवत नाही.

दोघं माझ्याकडं वळले. मला वाटलं विश्वास नाही, म्हणून डबी उघडून दाखवली. करंगळी पण दाखवली.

तेजू खाली फरशीवर बसली. म्हणाली, आजी, दहा प्रिंट. दहा, आजी. मी म्हटलं, अगं, ते गालबोट होय? मग तू ठिपका ठिपका काय म्हणत होतीस? नीट बोलायचं ना.

मग ती हसत होती का रडत होती ते चष्म्यावर वाफ आल्यामुळे मला दिसलं नाही. शेखर मशीनच्या मागं गेला, बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात लिंबू-मिरचीची माळ होती.

२१ जानेवारी

मला बढती मिळाली. तेजू म्हणाली, आजी, २६ पर्यंत तू घरूनच काम बघ. मोठ्या कंपन्यांत साहेब लोक असंच करतात.

घरून काम बघितलं. काही दिसलं नाही.

२४ जानेवारी

मुंबईहून कागदाचा नवा रोल आला. जयराम ऑफिसला सुट्टी टाकून कागद कापायला बसलाय म्हणे. मोजे घालून! ज्यानं मशीन विकायला काढलं होतं तो. विचारलं तर म्हणाला, आई, तू डबी कुठं ठेवलीयस ते आधी सांग.

२६ जानेवारी, रविवार

उद्घाटन झालं. एकवीसच्या एकवीस बाळं भिंतीवर. बायका बघून चुकचुकत होत्या, काय गोड, काय गोड. माझा जीव वरखाली. एकालाही गालबोट नाही! बटव्यात डबी होती, पण तेजू आल्यापासून जाईपर्यंत माझे दोन्ही हात घट्ट धरून होती. पाणी प्यायला पण सोडले नाहीत, स्वतः पाजलं. लोक बघत होते. नातीची एवढी माया कुणाच्या नशिबी असते?

डॉक्टर मॅडमनं दुसऱ्या मजल्याचं कामही दिलं. जयराम पुण्याचं नावच काढेना. उलट तेजूला म्हणाला, मशीनला एक कुलपाची खोली करून घे.

तेजू राहिली. कुणामुळं राहिली ते मी लिहीत नाही, मोठेपणा बरा नाही.

३० जानेवारी

आज माझा फोटो काढला! तेजू स्वतःहून म्हणाली. पैठणी नेसले, नथ घातली, गोड हसून बसले. तेवढ्यात कुसाबाई दारातून ओरडली, शके, म्हातारपणी स्थळ आलंय का काय? मी तिच्याकडं बघितलं. तेजूनं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. मी म्हटलं, दुसरा काढ. म्हणाली, नाही आजी, हाच. यात तेज आहे.

५ फेब्रुवारी

फोटो लागला. केवढा! डोळे वटारलेले, नाकपुड्या फुगलेल्या, तोंड उघडं, आत एक दात. पण शाई झकास. आत भिंतीवर न लावता बाहेर, दाराच्या वर, रस्त्याकडं तोंड करून लावला. म्हणजे एकदम दर्शनी भाग. तेजू म्हणाली, नजरेचं खातं आता रीतसर तुझ्याकडं, आजी, फक्त डबी माझ्याकडं दे.

दिली. खातं मिळाल्यावर डबीचं काय एवढं.

कुसाबाई रस्ता ओलांडून खास बघायला आली. बराच वेळ वर बघत राहिली. म्हणाली, शके, आता कुनाची टाप हाय या दुकानाकडं बघायची! पहिल्यांदा चांगलं बोलली बाई.

८ फेब्रुवारी, शनिवार

भिका आला. माळ हातात घेतली, स्टुलावर चढला, वर बघितलं. माझ्या फोटोकडं. हात जोडले, खाली उतरला, आणि माळ न बांधताच पुढच्या दुकानात गेला.

मला वाटलं माळा संपल्या असतील.

काठीला अजून पन्नासेक लोंबत होत्या.