सोडलेला भात

ईडन प्रेरी, मिनेसोटा
२६ डिसेंबर २०२५

ती. सौ. शैलताईस,
सा. न. वि. वि.

माझं हाताने लिहिलेलं पत्र बघून तुझ्या काळजात धस्स होईल, म्हणून आधीच सांगतो, आम्ही तिघंही धडधाकट आहोत. प्रीताला थोडी सर्दी आहे, अनिकाच्या शाळेला सुट्टी आहे आणि मला बर्फ उपसायचं काम आहे. काल नाताळ झाला. बाहेर उणे एकोणीस. गल्लीतल्या सगळ्या घरांवर दिव्यांच्या माळा आहेत. आपल्याही घरावर आहेत, पण त्या दिवाळीच्या. काढायचा कंटाळा केला की इथे दिवाळी नाताळापर्यंत पुरते.

आमच्या शेजारच्या वसुधाकाकू उद्या मुंबईला निघतायत. हे पत्र त्यांच्याबरोबर देतोय, तिथून त्या कुरिअर करतील. एक दिवसाआड व्हिडिओ कॉल करणाऱ्या भावाला पत्राचं काय खूळ लागलं, असं तू म्हणशील. पण कॉलवर मी तोंड उघडायच्या आत तू "जेवलास का?" विचारतेस, आणि त्या प्रश्नापुढे माझं काही चालत नाही.

आई कशी आहे? भाऊजींचे गुडघे? भाऊजी परवा सांगत होते की तू कुणाच्याशा मुंजीलाही नुसत्या पुऱ्या खाऊन उठलीस. रत्नागिरीत राहून सात वर्षं भात नाही! गणपतीपुढे उभं राहून तू म्हणालीस, "आमच्या सुशाचं ग्रीन कार्ड येईपर्यंत मी भात खाणार नाही," तेव्हा मी फोनवर हसलो होतो. अमेरिकेच्या सरकारला तुझ्या भाताशी काय देणंघेणं, असंही म्हणालो होतो. त्याच्याबद्दल लिहायचंच आहे, पण आधी नेत्राबद्दल.

काल सकाळी तिचा जर्मनीहून फोन आला. तुझ्याशी ती हसून बोलते, पण माझ्याशी बोलताना रडली, म्हणून तुला खरं काय ते कळवतो. बाळ छान आहे, आठ दिवसांचं झालं. पण तुझा जावई देवांग तापाने फणफणलाय आणि बाळाला लागू नये म्हणून दुसऱ्या खोलीत दार लावून पडलाय. तिकडे चोवीस तारखेच्या दुपारपासून दुकानं बंद होतात ती थेट सत्तावीसला उघडतात. सामान भरायला गेलंच नाही कुणी.

"मामा, काल दोन्ही वेळा टोस्ट आणि जॅम खाल्ला," म्हणाली. "खालच्या मजल्यावरच्या आजींनी सूप आणून दिलं. त्यात काय होतं ते विचारलं नाही. टाक्यांमुळे नीट बसवत नाही रे. बाळ रडलं की मीपण रडते."

तुझी लेक पहिलटकरीण, आणि टोस्ट खातेय. तू केलेले डिंकाचे लाडू रत्नागिरीत डब्यात.  उलट तीच माझी समजूत घालायला लागली. "तुझा काय दोष मामा, व्हिसाचं कुणाच्या हातात असतं?"

ताई, माझ्या हातात होतं.

आपलं काय ठरलं होतं ते मला पाठ आहे. आठ डिसेंबरला मी यायचं आणि दहाला तू नेत्राकडे निघायचं, दोन महिने. दिवसा बाई असते, पण आई तुझ्या नाहीतर माझ्याच हातून घास घेते, भाऊजींना तिला उचलता येत नाही, म्हणजे मी आल्याशिवाय तुला उंबरा ओलांडता येणार नव्हता. अठ्ठावन्नाव्या वर्षी तू पहिला पासपोर्ट काढलास. तुझा व्हिसा आला. दुपटी, टोपडी, बाळंतशोपा, सगळं बॅगेत बसलं. आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी फोन करून सांगितलं की माझी व्हिसा स्टॅम्पिंगची, म्हणजे अमेरिकेत परत शिरायला लागणाऱ्या शिक्क्याची, तारीख मार्चवर गेली, आलो तर तिकडेच अडकेन.

तू म्हणालीस, "असू दे रे. नोकरी सांभाळ." एवढंच. नंतर भाऊजींनी सांगितलं की तू संध्याकाळी एकेक टोपडं बॅगेतून काढून पुन्हा कपाटात ठेवत होतीस.

माझी तारीख कुठेही गेली नव्हती. माझ्या टीममधल्या अमितची गेली. तो खरंच नागपूरला अडकलाय, बायको-मुलं इकडे. तारखा पुढे जाण्याची बातमी तुमच्याकडच्या पेपरातही आली होती, त्यामुळे माझं खोटं आयतंच खपलं. अमितचं दुःख मी उसनं घेतलं आणि तुला ऐकवलं.

का, ते आता लिहितो. तीनदा पेन खाली ठेवून आलोय.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, आईला अर्धांगवायू झाल्यावर मी पंधरा दिवस आलो होतो, आठवतंय? तू एक दिवस चिपळूणला गेली होतीस. बाई आली नव्हती. आईचे कपडे, चादर, सगळं खराब झालं होतं. मी केलं, ताई. अर्धं केलं. मग मला इतकी किळस आली की मागच्या दारी धावत जाऊन मी ओकलो. परत आलो तर आई दाराकडे बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने डोळे मिटून घेतले.

त्या दिवसानंतर मी खोलीत असलो की आई पाणी प्यायची नाही. मी पेला ओठाला लावायचो, ती मान फिरवायची. तू म्हणायचीस, "तुझ्याकडून लाड करून घेतेय." लाड नव्हते ते. मला पुन्हा तसं करायला लागू नये म्हणून ती माझी आई तहानलेली राहत होती. हे मला कळलं, आणि तरी मी कुणाला सांगितलं नाही. विमानात बसलो तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तेही सांगून टाकतो.

मग दोन महिने एकट्याने तिच्याजवळ राहायची वेळ आली आणि मी शेपूट घातली. तिची किळस येईल याची भीती, आणि तिच्या डोळ्यांची त्याहून जास्त.

अजून एक राहिलंय. खरं तर हे पत्र त्याच्यासाठीच आहे.

मी स्टॅम्पिंगची तारीख घेतलीच नव्हती, कारण मला ती लागतच नाही. ग्रीन कार्ड जूनमध्ये आलं. अकरा तारखेला, किराणा दुकानाच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात, तिघांची तीन पाकिटं. प्रीता स्वयंपाकघरात नाचली. म्हणाली, "आधी ताईंना फोन लाव!" मी म्हटलं, समोर जाऊन सरप्राइज देऊ. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. पण आठवडा गेला, महिना गेला, आणि माझ्या लक्षात आलं की कार्ड नाही तोवरच मला न येण्याचं कारण आहे. ते कारण मला सोडवेना.

प्रीतालाही फसवलं. नेत्राच्या सासूबाई जाणार आहेत, ताईला माझी गरज नाही, असं तिला सांगितलं. तुमचं दोघींचं बोलणं सणासुदीला होतं, आणि तेव्हा मी फोनजवळच उभा असतो.

काल नेत्राचा फोन ठेवला तर अनिकाने विचारलं, "बट बाबा, व्हाय डिडन्ट आत्या गो?" प्रीता माझ्याकडे बघत राहिली. "तू तर म्हणालास तिच्या सासूबाई गेल्यात." मग सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "मला सॉरी म्हणू नकोस. पेन घे."

फोनवर सांगितलं असतं तर तू दोन मिनिटांत माफ करून मोकळी झाली असतीस. तेवढ्या स्वस्तात सुटायचं नाहीये मला. माझ्यापेक्षा मोठी बहीण असूनही तू कधी माझ्यावर रागावली नाहीस. या वेळी रागाव. चांगली चार दिवस रागाव.

मी पाच जानेवारीला निघतोय. सातला रत्नागिरीत असेन. तिकीट काढलंय, ऑफिसात सांगितलंय, एप्रिलपर्यंत तिथूनच काम करेन. तुझा व्हिसा फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत आहे. तू नको-नको म्हणत बसू नकोस, दोन दिवस मला आईचं सगळं शिकव आणि लाडू घेऊन लेकीकडे जा. शिकवताना मी तोंड वाकडं केलं तर तिथेच सांग. आणि आईला म्हणावं, सुशा येतोय, पाणी पीत राहा. या वेळी मागच्या दारी जाणार नाही.

दोन वेळा तू आईचा मऊभात करतेस. मेतकूट, तूप घालून कालवतेस, घास घास भरवतेस, आणि मग स्वतः भाकरी घेऊन बसतेस. कॉलवर मी ते बघतो. जूनपासून दर वेळी बघतोय. एकदा तू बोटाला लागलेला भात धुऊन टाकलास, आणि माझं कार्ड तेव्हा माझ्या खिशात होतं.

देवाने त्याचं काम जूनमध्येच केलंय, ताई. हे पत्र वाचून झालं की बाकी काही करू नकोस. आईच्या वाटीतला पहिला घास तू खा.

जूनपासून तुझ्या ताटातला भात अडवून बसलेला,
तुझा
सुशा